बाटली, कलिंगड की नारळ? तलवारीच्या सरावासाठी टार्गेट कसं निवडतात?

हे रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आलं असेल. अमेरिकेतल्या कुठल्यातरी घरामागचं अंगण, मधोमध लाकडी स्टँड आणि त्यावर पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली. एक जण तलवार उगारतो, 'सप्' असा आवाज येतो आणि बाटलीचा वरचा अर्धा भाग तिरका घसरून गवतावर पडतो. खालचा अर्धा भाग मात्र स्टँडवर जागच्या जागी उभा! त्यातलं पाणीसुद्धा फारसं हललेलं नसतं.

आणि खाली एक कमेंट ठरलेली असते, "बाटली काय कुणीपण कापेल, नारळ कापून दाखव."

ऐकायला बरोबर वाटतं ना? वस्तू जितकी कठीण, तितका कापणारा भारी. पण हा सराव गांभीर्याने करणारे लोक नेमकं उलटं सांगतात. त्यांच्या मते चांगलं टार्गेट म्हणजे कठीण वस्तू नव्हे. तुमची चूक लगेच दाखवून देईल आणि ती दाखवताना तलवारही मोडणार नाही, माणूसही जखमी होणार नाही, अशी वस्तू म्हणजे चांगलं टार्गेट.

मग बाटली, भोपळा, रद्दी, कलिंगड यातलं नेमकं काय निवडतात? नारळ का नको? आणि हे सगळं आपल्याकडे करायचं म्हटलं तर कायदा काय सांगतो? एकेक करून बघूया.

हा प्रकार आला कुठून?

वस्तू कापून तलवार तपासायची पद्धत सगळ्यात नावारूपाला आली ती जपानमध्ये. तिथे तिला 'तामेशिगिरी' म्हणतात, म्हणजे कापून केलेली परीक्षा. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या दरम्यान, ही परीक्षा माणसाची नसायची, तलवारीची असायची. गवताच्या पेंढ्या आणि बांबू यांच्यावर तर वार व्हायचेच, पण देहदंड दिलेल्या गुन्हेगारांच्या मृतदेहांवरही तलवारी तपासल्या जायच्या. यामाडा आसाएमोन हे नाव पिढ्यानपिढ्या लावणारं एक घराणं याच कामासाठी प्रसिद्ध होतं. परीक्षेचा निकाल कधीकधी तलवारीच्या मुठीत जाणाऱ्या भागावर कोरून ठेवला जायचा. एक प्रकारचं क्वालिटी सर्टिफिकेटच.

आता तिथे परीक्षा तलवारीची नाही, माणसाची असते. जपानी घरांत जमिनीवर तातामी नावाची जाड चटई अंथरतात. तिच्या वरचा, लव्हाळ्यासारख्या गवताने विणलेला थर गुंडाळायचा, पाण्यात भिजवायचा आणि खुंटीवर उभा करायचा. ओली गुंडाळी म्हणजे मांस आणि तिच्यात घातलेला बांबू म्हणजे हाड, असं त्यामागचं गणित सांगितलं जातं.

युरोप-अमेरिकेत गेल्या काही दशकांत जुन्या हस्तलिखितांवरून मध्ययुगीन तलवारबाजी पुन्हा शिकणाऱ्यांचे गट तयार झाले. त्यांनीही हीच चटई उचलली. पण चटई विकत आणावी लागते आणि एका दुपारी अनेक संपतात. म्हणून लोक घरातल्या वस्तूंकडे वळले. बॅकयार्डातल्या बाटल्यांचा उगम हा असा आहे. उगाच केलेली तोडफोड नाही, तर स्वस्तातली वही आणि पेन्सिल म्हणा.

बाटली नेमकी कापते कशामुळे?

स्वयंपाकघरात चला. पिकलेला टोमॅटो सुरीने वरून नुसता दाबला तर चेपतो. तीच सुरी थोडी ओढली की साल लगेच फाटते. विळीवरही आपण भाजी दाबत नाही, पात्यावरून सरकवतो. तलवारीचंही तसंच आहे. कापणं हे ताकदीपेक्षा तीन गोष्टींवर अवलंबून असतं.

पहिली गोष्ट म्हणजे धार. धार जितकी बारीक, तितकी वाराची ताकद कमी जागेवर एकवटते.

दुसरी गोष्ट म्हणजे पात्याच्या टोकाकडच्या भागाचा वेग. तो खांदे आवळून येत नाही. सैल हात आणि कमरेचं वळण यातून येतो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे धारेची दिशा. तलवार ज्या रेषेत चालली आहे, धारही बरोब्बर त्याच रेषेत हवी. पातं थोडं जरी कलतं राहिलं तरी धारेऐवजी पात्याची चपटी बाजू वस्तूला ढकलायला लागते. मग वस्तू कापत नाही, उडते. आणि वस्तू उडण्याइतकी हलकी नसेल तर पातंच वाकतं. कटाना म्हणजे जपानी तलवार. तिची धार कडक आणि पाठ मऊ ठेवलेली असते, त्यामुळे एकदा वाकलेलं पातं तसंच वाकडं राहू शकतं.

म्हणून चांगलं टार्गेट या तिसऱ्या गोष्टीवर बोट ठेवतं. आता एकेक वस्तू घेऊ.

पाण्याने भरलेली बाटली

सुरुवातीला बहुतेक जण इथेच येतात आणि त्याला कारण आहे. बाटली रिकामी असेल तर ती फटक्याने नुसती उडते. काठोकाठ पाणी भरून झाकण लावलं की दोन गोष्टी होतात. वजनामुळे ती जागेवर राहते आणि आतल्या पाण्यामुळे प्लास्टिक दबत नाही, ताठ राहतं.

खरा फायदा वार झाल्यानंतर मिळतो. खालचा भाग उचलून कडा बघायची. कडा सरळ आणि गुळगुळीत असेल तर धार बरोबर आली. कडा लाटेसारखी वरखाली असेल तर वार चालू असताना मनगट फिरलं. प्लास्टिक चुरगळून फाटलं असेल तर एकतर धार बोथट आहे किंवा पातं कलतं होतं. पूर्ण बाटलीच उडाली, तर ती कापली नाही, बडवली.

सुरुवातीला दोन लिटरची कोल्डड्रिंकची बाटली सोयीची, कारण ती मोठी आणि जड असते. पाण्याची पातळ, छोटी बाटली जास्त अवघड. ती हलकी असल्याने जराशी चूकही माफ करत नाही. अमेरिकेत दूध जवळपास चार लिटरच्या मऊ प्लास्टिकच्या जगमध्ये मिळतं, त्यामुळे तिथे तोही लोकप्रिय आहे. आपल्याकडचे खाद्यतेलाचे जाड कॅन मात्र त्याच्या जागी चालत नाहीत. त्यांचं प्लास्टिक जाड असतं आणि पातं त्यात अडकून पिळवटू शकतं.

एक तोटा लक्षात ठेवायचा. दहा बाटल्यांनंतर पायाखालचं गवत निसरडं होतं आणि मूठही ओली होते. जागा बदलणं आणि हात पुसणं हा सरावाचाच भाग आहे.

पूल नूडल

स्विमिंग पूलमध्ये मुलं ज्याला धरून तरंगतात ती फोमची लांब नळी म्हणजे पूल नूडल. ती खुंटीवर उभी करतात. दिसायला ही सगळ्यात पोरकट वस्तू, पण परीक्षक म्हणून कडक. तिला वजनच नाही. धार सरळ नसेल किंवा वेग कमी असेल तर ती पात्याबरोबर नुसती वाकते आणि परत ताठ होते. "मी जोरात मारलं होतं" हा बहाणा तिथे चालत नाही.

फोम कोरडा असल्याने पसारा कमी आणि पात्याला गंजाची भीती नाही. पण तिच्यात प्रतिकारच नाही. जड वस्तूतून पातं जाताना हाताला जे जाणवतं, ते ही शिकवत नाही.

भिजवलेली रद्दी

हा तातामीचा गरीब भाऊ. वर्तमानपत्राची पानं घट्ट गुंडाळायची, सुतळी किंवा रबर बँडने बांधायची, रात्रभर पाण्यात ठेवायची आणि सकाळी उभी करून निथळू द्यायची. ओल्या गुंडाळीतून पातं जाताना बऱ्यापैकी चटईसारखाच प्रतिकार मिळतो.

इथे दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे कोरडीच रद्दी कापणं. कोरड्या कागदाची घट्ट गुंडाळी जवळजवळ लाकडासारखी वागते. दुसरी म्हणजे गुळगुळीत मासिकांची पानं वापरणं. त्या चकचकीत कागदावर खनिज मातीचा लेप असतो आणि तो धार झिजवतो. शिवाय मासिकांना पिना असतात. एक पिन धारेचा टवका उडवायला पुरेशी आहे.

फळं आणि भाज्या

इथे रीलवाल्यांचं एक गुपित उघडं करूया. कलिंगड हे अतिशय सोपं टार्गेट आहे. ते जड आहे म्हणून हलत नाही, आतून मऊ आहे आणि साल एकदा फाटली की पुढे फारसा अडथळाच नाही. पण लाल रस उडतो, स्लो मोशन झकास दिसतो आणि लाइक्स मिळतात. शिकायला मात्र त्यातून कमी मिळतं.

त्यापेक्षा दुधी भोपळा किंवा मोठी काकडी बरी. उभी खोचली की कापाचा कोन स्पष्ट दिसतो. दोरीने टांगलेला बटाटा त्याहून अवघड, कारण तो फिरतो आणि झुलतो.

फळांचा एक त्रास असा की त्यांच्या रसात आम्ल असतं. कार्बन स्टीलच्या पात्यावर लिंबाचा किंवा टोमॅटोचा रस थोडा वेळ राहिला तरी डाग पडतात आणि पुढे गंज चढतो. म्हणून पातं लगेच पुसून, कोरडं करून तेलाचा हात द्यायचा. आणि अन्न वाया घालवायचं नसेल तर सडायला लागलेली भाजी वापरायची. टार्गेटला ताजेपणा लागत नाही.

मग नारळ का नको?

आता त्या कमेंटकडे येऊ. आपल्या नाक्यावरचा शहाळेवाला आठवा. तो शहाळ्याचे एका घावात दोन तुकडे करतो का? नाही. तो शहाळं हातात फिरवत, तिरक्या घावांनी सालाच्या चकत्या काढत जातो आणि शेवटी वरचं टोक उडवतो. त्याच्या हातात असतो कोयता. आखूड, जाड पाठीचा, वजनदार. कोयता अशा कामासाठीच घडवलेला असतो.

तलवार लांब आणि पातळ असते. करवंटीवर पातं आदळलं की तीन शक्यता असतात. धारेचा टवका उडतो, पातं वाकतं किंवा गोल पृष्ठभागावरून घसरून भलतीकडे जातं. त्यातली तिसरी सगळ्यात वाईट.

या यादीत नारळ एकटा नाही. पुढच्या गोष्टीही नकोच:

- झाडाचं खोड, लाकडी खांब आणि वाळका बांबू. बांबूच्या बाहेरच्या सालीत सिलिका असतं, त्याने धार जाते.
- पुठ्ठ्याचे खोके आणि नळ्या. मऊ दिसतात, पण धार फार लवकर बोथट करतात.
- पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या.
- हाड असलेलं मांस आणि बर्फात गोठवलेली कुठलीही वस्तू.
- हवेत फेकलेली वस्तू, कारण तिच्याबरोबर वाराची दिशाही हाताबाहेर जाते.
- माणसाने हातात, डोक्यावर किंवा मानेवर धरलेली कुठलीही वस्तू.

टार्गेट बरोबर, पण तलवारच चुकीची असेल तर?

इंटरनेटवरचा एक जुना व्हिडिओ अजूनही फिरत असतो. अमेरिकेतल्या एका टीव्ही शॉपिंग कार्यक्रमात निवेदक कटाना किती मजबूत आहे हे दाखवायला ती टेबलावर आपटतो. पातं तुटतं आणि तुटलेलं टोक त्यालाच लागतं. लोक हसतात, पण त्यात धडा आहे.

भिंतीवर लावायच्या शोभेच्या तलवारींचं पातं बहुतेकदा स्टेनलेस स्टीलचं असतं. एवढ्या लांबीच्या पात्यात ते ठिसूळ ठरतं. त्याहून मोठा धोका मुठीच्या आत लपलेला असतो. चांगल्या तलवारीत पात्याचा रुंद भाग मुठीत खोलवर जातो. शोभेच्या तलवारीत तिथे अनेकदा फक्त एक बारीक सळई वेल्ड केलेली असते. वार करताना ती तुटली की पूर्ण पातं हवेत सुटतं.

आणि घरात दसऱ्याला पूजेत ठेवतात ती पणजोबांची तलवार? ती तर मुळीच नको. जुन्या भारतीय तलवारींत पातं मुठीत बसवायला लाख किंवा राळ वापरलेली असते. शंभर-दीडशे वर्षांनी ती सुकते, तडकते. बाहेरून तलवार धडधाकट दिसते आणि आतून मूठ सैल झालेली असते. शिवाय ती वस्तू पुन्हा मिळणारी नाही.

म्हणून सराव करणारे प्रत्येक वेळी आधी मूठ धरून पातं हलवून बघतात. जराही खडखड झाली तर त्या दिवशी सराव नाही.

स्टँड, पाय आणि बघे

सगळं लक्ष टार्गेटवर असतं आणि दुखापत होते ती टार्गेटच्या पलीकडे. बाटली कापली गेली की तलवार थांबत नाही, पुढे जातेच. उजव्या खांद्यावरून खाली येणारा तिरका वार शेवटी डाव्या गुडघ्याकडे येतो. पुढे आलेला पाय तिथे असेल तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून आधी धार नसलेल्या लाकडी तलवारीने, टार्गेट न ठेवता, वार कुठे संपतो ते बघतात.

स्टँड लाकडाचा, स्थिर आणि साधारण कमरेच्या उंचीचा हवा. वरच्या भागात खिळे किंवा लोखंड नको, कारण वार कधीतरी खाली येणारच. स्टँड फार बुटका असेल तर टोक जमिनीत जातं आणि दगडावर आपटतं.

बघणाऱ्यांनी कापणाऱ्याच्या मागे आणि काही मीटर लांब राहायचं. समोर किंवा बाजूला नाही, कारण पातं तुटलं तर ते वाराच्या रेषेतच उडतं. मोबाईल धरून जवळ सरकणारा मित्र सगळ्यात आधी लांब पाठवायचा. शूटिंगसाठी ट्रायपॉड असतो. लहान मुलं आणि कुत्रा घरात, पायात बंद बूट आणि एका वेळी एकच धार म्यानाबाहेर.

आपल्याकडे हे काम लिंबू करतं

घरातलीच वस्तू टार्गेट म्हणून वापरणं महाराष्ट्राला नवीन नाही. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत दांडपट्ट्याने जमिनीवरचं लिंबू कापतात. पट्ट्याचं पातं लांब आणि लवचिक असतं आणि हात कोपरापर्यंत पोलादी मुठीत बंद असतो. त्यामुळे मनगट जवळपास वापरताच येत नाही, सगळी हालचाल कोपर आणि खांद्यातून करावी लागते. अशा हत्याराने एवढंसं लिंबू कापायचं आणि पातं जमिनीवर आपटूही द्यायचं नाही. यात ताकद कुठे आहे? आहे ती नजर आणि अंतराचा अंदाज.

घोडेस्वारांच्या टेंट पेगिंग या खेळातही धावत्या घोड्यावरून टांगलेली लिंबं तलवारीने कापायचा प्रकार आहे. लिंबू लहान, स्वस्त आणि निर्दय. चुकलात तर लगेच कळतं.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत कधीकधी माणसाच्या तळहातावर किंवा मानेवर ठेवलेलं लिंबू कापलं जातं. तो आखाड्यात वस्तादांच्या नजरेखाली वर्षानुवर्षं केलेल्या सरावाचा शेवट असतो. रील बघून करायची सुरुवात नाही.

कायदा काय म्हणतो?

इथे अमेरिकेतलं बॅकयार्ड आणि आपलं अंगण यात मोठा फरक पडतो. भारतात शस्त्र कायदा, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलेली धारदार शस्त्रं यात येतात. सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात ती बाळगायला परवाना लागतो. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली अवजारं यातून वगळली आहेत, पण तलवार त्यात बसत नाही.

शिवाय महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली ठरावीक काळासाठी मनाई आदेश निघतात. त्या काळात सार्वजनिक ठिकाणी तलवार, भाले घेऊन फिरता येत नाही. तलवारीने वाढदिवसाचा केक कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्यातल्या अनेकांच्या विरोधातला पुरावा त्यांनी स्वतःच अपलोड केलेला असतो.

परदेशातही सगळीकडे मोकळीक नाही. ब्रिटनमध्ये २००८ पासून ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वाकड्या पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर बंदी आहे. पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारींना त्यातून सूट आहे.

म्हणजे तलवार ऑनलाइन मिळते आणि कुरिअरने घरी येते, याचा अर्थ ती कायदेशीर आहे असा होत नाही. स्थानिक पोलीस ठाण्यात आधी विचारणं हाच सरळ मार्ग. आणि शिकायचंच असेल तर मर्दानी खेळाच्या आखाड्यात लाठीपासून सुरुवात होते. तिला धार नसते, पण अंतर, पाय आणि नजर तीच शिकवते.

थोडक्यात क्रम काय?

परदेशात कायद्याच्या चौकटीत राहून, शिक्षकाच्या देखरेखीखाली हा सराव करणारे साधारण असे पुढे जातात: आधी रिकाम्या हवेत वार, मग दोन लिटरची भरलेली बाटली, मग पूल नूडल, मग छोटी पातळ बाटली, मग भिजवलेली रद्दी आणि शेवटी तातामी. प्रत्येक पायरीवर वस्तू कठीण होत जाते असं नाही, ती चुका जास्त बारकाईने पकडत जाते. आणि कापलेला तुकडा कुणी लगेच फेकून देत नाही, आधी त्याची कडा बघतात.

म्हणून पुढच्या वेळी असं रील दिसलं तर उडणाऱ्या पाण्याकडे बघू नका. स्टँडवर उरलेल्या अर्ध्या बाटलीकडे बघा. ती हलली नसेल आणि तिची कडा सरळ असेल, तर समोरच्याला खरंच येतं. आणि "नारळ कापून दाखव" अशी कमेंट दिसलीच, तर हा लेख खाली चिकटवायला हरकत नाही.